सहा धावतात, पाच ऐकू येतात

समुद्रापासून चार कोस आत, उघड्या कातळाच्या एका सड्यावर, एकदा एक वृद्ध गुरुजी राहत असत. तारुण्यात त्यांनी मुलांना धावण्याची विद्या शिकवली. वय झाल्यावर ते काम आपल्या शिष्याच्या हाती सोपवले आणि सड्याच्या टोकावरील वेताळाच्या देवळात पूजाअर्चा करीत राहिले.

शिष्य हुशार होता, कष्टाळू होता. शाळेतल्या सहा मुलींचे पथक त्याने तयार केले होते. त्या क्रॉसकंट्रीची शर्यत धावत. ही शर्यत मैदानातल्या आखीव पट्ट्यांवर होत नाही. माळ, ओढा, चढ, उतार, जसे पुढे येईल तसे तुडवत जावे लागते. संघातून सहा जणी धावतात आणि त्यांतल्या पहिल्या चौघींचे क्रमांक एकत्र करून संघाचे स्थान ठरते. ज्या संघाची बेरीज सर्वांत लहान, तो जिंकतो. म्हणून लोक पहिल्या मुलीला टाळ्या वाजवतात आणि जाणता शिक्षक चौथीकडे पाहतो.

शिष्याची शिस्त तालुक्यात नावाजलेली होती. पहिल्याच वर्षी त्याने नियम घातला होता: जी दुखण्याचे नाव काढील, तिचे नाव यादीतून निघेल. त्या दिवसापासून त्याच्या पथकात कोणालाही कधी काही दुखले नव्हते. ही आपली मोठी मिळकत आहे, असे तो मनात म्हणे.

त्या वर्षी मार्गशीर्षात पथकाला दोन बोलावणी आली. दोन्ही राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांची होती. पहिली स्पर्धा पौषात होती, उत्तरेकडच्या एका महानगरात. तेथे देशाचे निवडकर्ते बसणार होते. दुसरी फाल्गुनात, दक्षिणेतल्या एका डोंगरी गावी. तेथे विजेत्यांना लाकडी ढाल मिळे आणि कोणी निवडकर्ता फिरकत नसे. एका धावकाने वर्षातून एकाच राष्ट्रीय स्पर्धेत उतरावे, असा नियम होता. नावे कळवायला पाच दिवस उरले होते.

गावात काजूचे एक मोठे व्यापारी होते. पहिल्या स्पर्धेचा प्रवास, निवास, जेवण, सारे त्यांनी अंगावर घेतले होते.

"सर, अजून विचारच चाललाय?" ते म्हणाले. "वरात दारात येऊन उभी, आणि नवरदेव आंघोळीला बसलाय! पौषातली धरा. द्वारकेचं हे शेवटचं वर्ष ना?"

ते खरे होते. द्वारका ही पथकातली पहिली. चैत्रात तिला अठरा पूर्ण होणार होती आणि त्यानंतर ती कुमारी गटातून बाहेर पडणार होती. निवडकर्त्यांच्या नजरेस पडण्याची ही तिची अखेरची संधी होती. चौथी होती गोदा. ती अबोल, हसरी मुलगी. गेल्या वर्षी संघ थोडक्यात हुकला, तेव्हा बेरीज वाढवणारे आकडे गोदाचे होते. त्यावर तिला कोणी काही बोलले नव्हते. बोलण्याची गरजही नव्हती.

शिष्य दोन्ही बोलावण्यांचे कागद घेऊन देवळात गेला.

"गुरुजी, दोहोंपैकी कोणती?"

गुरुजी सहाण धूत होते. "पथक कितीजणींचे?"

"सहा."

"मोजल्यास?"

शिष्य हसला. "रोज मोजतो, गुरुजी."

"डोळ्यांनी मोजतोस. उद्या सकाळी पाठ फिरवून मोज. मग ये."

शिष्याला आठवले की गुरुजी स्वतः असेच करीत. मुले शेवटच्या चढावर आली की ते देवाकडे तोंड करून, मुलांकडे पाठ करून उभे राहत. शिष्य त्याला त्यांची भक्ती समजत असे. त्याने कागद घडी करून खिशात ठेवले.

दुसऱ्या दिवशी उजाडले तेव्हा सड्यावर दाट धुके होते. दहा पावलांवरचा माणूस दिसत नव्हता. मुली धुक्यात शिरल्या आणि नाहीशा झाल्या. शिष्य अखेरच्या खुणेच्या दगडाशी पाठ फिरवून उभा राहिला. तो सडा आतून पोकळ आहे. रिकाम्या रांजणावर थाप पडावी तसे प्रत्येक पाऊल तेथे वाजते.

बऱ्याच वेळाने पावले ऐकू आली. मुली एका रांगेत परतत होत्या. प्रत्येकीची चाल त्याच्या कानाच्या ओळखीची होती. त्याने मोजली. एक. दोन. तीन. चार. पाच.

तो वाट पाहत राहिला. सहावी ऐकू आली नाही.

"कोणीतरी मागे राहिले," असे म्हणत तो वळला. समोर सहाही मुली उभ्या होत्या.

"सर, पाठ करून उभे?" द्वारका धापा टाकत म्हणाली. "आमचं तोंड बघवत नाही का आता?"

"तोंडाकडे बघून तरी कुठे दिसतो गं आपण सरांना!" रांगेतली शेवटची म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. शिष्यही हसला. आपणच चुकलो, असे त्याला वाटले.

त्यानंतरच्या सकाळी त्याने रांगेचा क्रम बदलायला सांगितला. धुके तसेच होते. त्याने डोळे मिटले, श्वास रोखला आणि बोटे मुडपीत मोजले. पाचच. वळून पाहिले तर सहा.

सड्यावर एक म्हातारी गुरे राखत असे. ती धुक्यातून अचानक जवळ आली.

"मास्तरानू, एक इचारू? पोरी सा, आनि पावलां पाचांचीच वाजतत. सहावी कोणाची ओ?"

"आजी, धुक्यात नीट ऐकू येत नाही."

"माका धुक्यातच बरा ऐकाक येता," म्हातारी म्हणाली. "ह्या सड्यार ज्येच्या पावलाक आवाज नाय, तो माणसातलो न्हय. सांभाळून ऱ्हवा."

ती गेली. गुरांच्या गळ्यातल्या घंटा बराच वेळ वाजत राहिल्या. गुरे दिसत नव्हती.

शिष्य शिकलेला होता. असल्या गोष्टी त्याने कधी मानल्या नव्हत्या. तरी त्या दिवशी शाळेत हजेरी घेताना प्रत्येक 'हजर'नंतर तो मान वर करून त्या मुलीकडे पाहत होता. सहाही मुलींच्या सावल्या भिंतीवर पडल्या होत्या. त्याही त्याने मोजल्या, आणि आपण काय करीत आहोत हे ध्यानात येताच त्याला स्वतःची लाज वाटली.

तिसऱ्या सकाळी त्याने मुलींना एकेक करून सोडले. एक परतल्याशिवाय दुसरीने निघायचे नाही.

गोदा म्हणाली, "सर, मी द्वारकेबरोबर जाऊ? एकटीला धुक्यात भीती वाटते."

"शर्यतीत तुझा हात कोणी धरणार आहे का?"

"नाही, सर."

द्वारका काही बोलायला गेली आणि थांबली.

शिष्य पाठ फिरवून उभा राहिला. द्वारका आली, तिची पावले ठसठशीत वाजली. दुसरी आली, तिसरी आली. त्यांचीही वाजली. मग गोदा निघाली. तिला वेळ लागला. धुके हलेना. वारा नव्हता. शिष्याला स्वतःच्या छातीतले ठोके ऐकू येऊ लागले.

मग खालून, चढाच्या पायथ्यापासून आवाज आला. एक थाप मोठी. त्यामागून एक हलकी, ओढलेली. पुन्हा एक मोठी, एक ओढलेली. दोन सारखे पाय असलेल्या कोणाचीही ती चाल नव्हती. कोणीतरी एका पायावर सारे ओझे टाकीत, दुसरा पाय कातळावरून घासत वर येत होते. त्याच्या सहापैकी एकीचीही चाल तशी नव्हती. आवाज जवळ आला. शिष्याच्या मानेवर काटा उभा राहिला. पाठ फिरवून मोज, ही गुरुजींची आज्ञा त्याने दात आवळून पाळली.

आवाज अगदी जवळ आला, आणि एकाएकी बदलला. दोन्ही थापा सारख्या पडू लागल्या. एखादी निरोगी मुलगी धावावी तशा.

तो वळला. धुक्यातून गोदा बाहेर येत होती. ती हसत होती. तिच्या कपाळावर घाम होता आणि ओठ पांढरे पडले होते.

"तुझ्यामागे कोण होते?" शिष्याने विचारले.

"कोणी नाही, सर."

"मी ऐकले."

"कोणीच नव्हतं, सर," गोदा म्हणाली. हसू तिच्या चेहऱ्यावर तसेच राहिले.

उरलेल्या दोघींना न सोडताच शिष्याने सराव थांबवला आणि तो देवळात गेला. गुरुजी गाभाऱ्यात होते. हा पायरीवरच बसला.

"गुरुजी, सड्यावर काहीतरी आहे."

"सड्यावर काही नाही," गुरुजी आतून म्हणाले. "तुझ्या पथकात आहे."

ते बाहेर आले आणि त्याच्यासमोर बसले.

"दुखरा पाय सारखा वाजत नाही. तो लपवायचा, तर दुसऱ्याच्या पावलाबरोबर पाऊल टाकावे लागते. दोन्ही एका क्षणी पडली की ऐकणाऱ्याला एकच ऐकू येते. गेले दोन दिवस ती मुलगी दुसरीच्या आवाजात लपून धावली. आज तू तिला एकटी सोडलीस. तेव्हा तुला तिचे खरे पाऊल ऐकू आले. तुझ्या नजरेच्या टप्प्यात येताच तिने ते पुन्हा गिळले."

"पण तिने मला सांगितले का नाही?"

"तूच नियम केलास ना?"

"मीच केला," शिष्य म्हणाला.

"ज्या घरात दुखणे बोलायची बंदी असते, तेथे दुखणे जात नाही. ते मुके होते. मुके झालेले दुखणे आणि भूत यांत फारसे अंतर नसते. तू भूत पाहून भ्यालास. ते तूच उभे केलेले आहे." गुरुजी थोडे थांबले. "मी जाणतो, कारण मीही उभे केले होते. माझ्या काळी मुले अनवाणी धावत. एका वर्षी आमच्यापुढे अशाच दोन स्पर्धा होत्या. मी मोठी निवडली. जाण्याच्या आधी चार दिवस मला या चढावर पाचांचीच पावले ऐकू आली. मी स्वतःला म्हटले, धुके आहे. एका मुलाच्या तळव्यात करवंदीचा काटा मोडला होता. जखम आत चिघळली होती. त्याने सांगितले नाही, कारण त्याने माझ्याकडूनच न सांगण्याचे शिक्षण घेतले होते. मी सहा नेले. पाच परत आणले."

देवळात कोठेतरी पाण्याचा थेंब पडत होता.

"तू दोन कागद आणलेस आणि कोणती स्पर्धा थोर ते विचारलेस," गुरुजी म्हणाले. "स्पर्धेचा थोरपणा पाहून जाणे ठरवू नये. जाणाऱ्याचे पाय पाहून ठरवावे. ऊठ. त्यांना विचार."

शिष्य शाळेत परतला. पडवीत सहाही मुली बसल्या होत्या. त्याने यादी त्यांच्यासमोर ठेवली.

"आजपासून तो नियम मोडला," तो म्हणाला. "जिला दुखते तिचे नाव यादीत राहील. जी लपवील तिचे मात्र राहणार नाही. बोला."

कोणी बोलले नाही. वर्षानुवर्षांची सवय होती. मुली एकमेकींकडेही पाहत नव्हत्या. त्या सहा चेहऱ्यांवर एकच हसू होते, गोदाच्या ओठांवर सकाळी होते तेच. ते हसू आपण किती दिवस पाहत आलो आणि त्याला आनंद समजत आलो, हे शिष्याला त्या क्षणी उमजले. धुक्यात वाटली नव्हती एवढी भीती त्याला भर दुपारच्या उन्हात वाटली.

तो गोदासमोर खाली बसला. तिच्या उजव्या नडगीवर त्याने बोट ठेवले, दाबलेही नाही. गोदाचे हसू विस्कटले आणि ती रडू लागली.

"किती दिवस?"

"दिवाळीपासून, सर."

मग दुसरी बोलली. तिला चढ चढताना अंधारी येत असे. तिसरीची टाच सकाळी जमिनीला टेकत नसे. बाकीच्या दोघींनी माना हलवल्या. आम्ही बऱ्या आहोत, म्हणाल्या. शिष्याने त्यांना पुन्हा विचारले आणि त्यांनी पुन्हा तेच सांगितले, तेव्हा त्याने विश्वास ठेवला.

"आणि तू?" त्याने द्वारकेला विचारले.

"मला काही दुखत नाही," द्वारका म्हणाली. "पण मला माहीत होतं. ती माझ्या मागे असायची. तिचं पाऊल माझ्या पावलावर पडावं म्हणून मी माझं रोखून धरायचे. दीड महिना."

"मला का सांगितले नाहीस?"

"तुम्ही तिला काढलं असतंत, सर. आणि चौथी नसती तर संघ नसता. मलापण जायचं होतं." तिचा आवाज चढला. "मी काही फक्त मैत्रिणीसाठी केलं नाही. उगाच चांगली म्हणू नका मला."

शिष्याने तिला चांगली म्हटले नाही. वाईटही म्हटले नाही.

तालुक्याच्या डॉक्टरांनी गोदाच्या पायाचा एक्स-रे काढला. नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर पडली होती. "आणखी एक शर्यत, आणि हाड वाटेतच मोडले असते," ते म्हणाले. "ही चालत कशी होती?"

धडधाकट तिघी उरल्या. संघाला चौघी लागतात. पौषातल्या स्पर्धेसाठी संघ नव्हता. फाल्गुनापर्यंत टाच बरी होईल आणि औषधाने अंधारी जाईल, असे डॉक्टरांनी सांगितले. गोदाचे हाड तोवर सांधणार नव्हते. शिष्याने फाल्गुनासाठी चौघींची नावे लिहिली. त्यांत द्वारका नव्हती. तिच्याबद्दल त्याने तिलाच विचारले.

"संघ नसला तरी एकटीला पौषात धावता येते. जाशील?"

"जाईन," ती म्हणाली. तिने गोदाकडे पाहिले नाही.

व्यापाऱ्यांना हे कळले तेव्हा ते शाळेत आले. "सर, सहा जणींच्या नावाचे फलक करायला टाकलेत मी! आणि तुम्ही माझ्या हातात एकच मुलगी ठेवता? मुलं खेळतात, लागतं, बरं होतं. एवढं काय?"

"शेठ, आपल्या गोदामात काजू भरताना आपण पोत्यात हात घालून पाहता."

"पाहतोच. वरचा माल चांगला आणि आत किडका असतो."

"मी कधी घातला नाही," शिष्य म्हणाला. मग व्यापारी म्हणाले, "एकीला तर एकीला. मी नेतो." ते सज्जन होते. त्यांनी तिला नेले.

द्वारका उत्तरेत धावली आणि एकेचाळिसावी आली. निवडकर्त्यांनी तिची नोंद घेतली नाही. दुखऱ्या पायाच्या चालीशी चाल जुळवून धावता धावता तिचे स्वतःचे पाऊल आखूड झाले होते, आणि पौषापर्यंत ते पुन्हा लांबले नाही. फाल्गुनात चौघी दक्षिणेत धावल्या. संघ अकरावा आला. गोदा घरी होती. तिच्या पायाला प्लास्टर होते. अंगणात बसून ती कोंबड्यांना दाणे टाकीत होती.

गावात लोक म्हणाले, मास्तर मऊ पडला. शिष्याने ते ऐकले. त्याचे समाधान झाले होते असे नाही. द्वारकेकडे पाहताना त्याला अजून वाईट वाटे. चैत्रात एके दिवशी तो देवळात गेला. गुरुजी फुलवाती वळत होते.

"गुरुजी, एक विचारायचे राहिले. ज्या वर्षी आपण मोठी स्पर्धा निवडलीत, त्या वर्षी आपला संघ कितवा आला?"

गुरुजींचे हात थांबले नाहीत.

"पहिला."

शिष्य खाली बसला.

"परतीच्या प्रवासात दुसऱ्या दिवशी तो मुलगा गेला," गुरुजी म्हणाले. "ढाल मी त्याच्या घरी नेली. मला वाटले, तिच्यावर त्याचा अधिकार आहे. त्याची आई ओसरीवर बसली होती. तिने ढालीला हात लावला नाही. म्हणाली, 'गुरुजी, मला तुमच्या खेळातलं कळत नाही. ह्यात सगळ्या पोरांचं धरतात?' मी म्हणालो, नाही, चौघांचेच धरतात. 'मग माझ्या लेकाचं धरलं?' मी म्हणालो, धरले. तो चौथा होता."

फुलवात तुपात बुडली.

"मग तिने मला विचारले, 'तो पाचवा असता, तर तुम्ही त्याला घरी ठेवला असता का?'"

गुरुजींनी निरांजन लावले. त्यांनी आईला काय उत्तर दिले, ते शिष्याने विचारले नाही. तो हात जोडून बसून राहिला.